काळ्या कापडावर काळा दोरा: राहत्या घराच्या स्लॅबला साणं पाडताना

आमचं घर लातूर जिल्ह्यातल्या औशात. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या, त्यामुळं मधल्या खोलीला खिडकी नाही. भर दुपारी बल्ब लावावा लागायचा, आणि माझं शिलाईचं काम नेमकं त्याच खोलीत. लग्नसराईत लाइट गेली की काळ्या ब्लाउजची हुकपट्टी बोटानं चाचपत शिवायची आणि सकाळी उसवायची. शेवटी स्लॅबला दोन बाय दोन फुटांचं साणं पाडून घेतलं. आता त्याला स्कायलाइट म्हणतात, पण आमच्या जुन्या माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छतालाही धुरा-उजेडासाठी साणं होतंच. पाऊस आला की सासूबाई त्यावर घमेलं पालथं घालायच्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्याच तालुक्यातल्या किल्लारीला भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं अंगावर येऊन माणसं गेली. त्या धास्तीनं घरच्यांनी माळवद उतरवून स्लॅब टाकला. माती गेली, तिच्याबरोबर साणंही गेलं.

ज्यांच्या घरावर पत्रा आहे त्यांनी एवढा खटाटोप करू नये. एक पत्रा काढून त्याच नळीचा पारदर्शक पत्रा बसवला, वरच्या पत्र्याखाली नीट दाबला की झालं. खरी गोष्ट स्लॅबची आहे.

सगळ्यात आधी इंजिनिअरला घरी आणा. मिस्त्री मला म्हणाला, "ताई, भोक तर पाडायचंय, त्याला काय इंजिनिअर लागायलाय?" लागतो. बीमला हात लावायचाच नाही. आणि स्लॅबच्या आत सळ्यांची जाळी असते, ती तोडली की तिचा भार दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हवा. लांबट खोलीत आखूड बाजूच्या सळ्या भार घेतात. आमच्या दहा बाय बारासारख्या खोलीत दोन्ही बाजूंच्या घेतात. आमच्या इंजिनिअरनं मधोमध नको म्हटलं, भोक भिंतीकडं सरकवलं आणि खालून दोन लोखंडी चॅनल भिंतीत रुतवायला लावले. तुमच्या घराला वेगळं सांगतील, माझं माप उचलू नका.

आकाराचा मोह आवरा. खोली १२० चौरस फुटांची, साणं चार चौरस फुटांचं, तेवढं भरपूर होतं. लातूरकडं मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत ऊन भोकातून सरळ खाली पडतं. जावेच्या माहेरी हौसेनं चार बाय चारचं पाडलं, आता उन्हाळाभर त्यावर गोधडी टाकून ठेवतात.

जागा ठरल्यावर खालून ड्रिलनं मधोमध एकच बारीक भोक आरपार पाडा आणि वरची सगळी मापं त्या भोकापासून घ्या. खालच्या भिंती आणि वरचे कठडे एका रेषेत असतील असं धरून चालू नका; आमच्याकडं चार इंचांचा फरक निघाला. मी वरती शिलाईच्या खडूनं चौकोन आखला आणि कर्ण मोजले. दोन्ही कर्ण सारखे आले तरच चौकोन खरा, कापडाचं आणि काँक्रिटचं गणित एकच. पंख्याच्या वायरचा पाइप स्लॅबमधूनच गेलेला असतो, तो कुठून गेलाय ते वायरमनकडून काढून घ्या आणि कापताना मेन स्विच बंद ठेवा. स्लॅबवरचं पाणी ज्या कोपऱ्यात उतरतं, तिथं तर साणं नकोच.

कापायला ब्रेकर लावू देऊ नका, दणक्यानं आजूबाजूच्या स्लॅबला तडे जातात. आधी चारी कोपऱ्यांना गोल भोकं पाडायची, कारण टोकदार कोपऱ्यापासूनच तडा सुरू होतो. मग पाणी सोडत डायमंड ब्लेडच्या कटरनं कापायचं. पाच इंच जाडीचा दोन बाय दोनचा तुकडा साधारण ११० किलोचा भरतो, म्हणून खाली टेकू लावून त्याचे चार तुकडे करायचे आणि एकेक उतरवायचा. मी मशीन, कापडं, ग्राहकांच्या साड्या सगळं आदल्या दिवशी शेजारी नेऊन ठेवलं, तरी राखाडी चिखल भिंतीवर कमरेपर्यंत उडाला. सळ्यांची कापलेली टोकं उघडी ठेवू नका. ती गंजून फुगतात आणि काँक्रिट फोडतात. ती भोकाभोवती बांधायच्या कट्ट्याच्या काँक्रिटमध्ये झाकून घ्या.

आता कट्टा. माझी चूक इथं झाली. भोकाभोवती नऊ इंच उंच कट्टा सांगितला होता. त्या दिवशी सिमेंट कमी पडलं, मिस्त्री म्हणाला तीन इंच पुरतंय, आणि मी होय म्हणाले. मिरगाचा पहिलाच पाऊस जोराचा, पाणी उतरायच्या तोंडाशी पालापाचोळा अडकून ते स्लॅबवर तुंबलं, कट्ट्यावरून आत आलं आणि एक अख्खं शालूचं पीस भिजलं. मग सगळं तोडून नऊ इंचांचा केला. कट्टा आणि स्लॅब जिथं मिळतात तिथं चौफेर सिमेंटचा गोलसर उतार मारायचा, आमच्याकडं त्याला वाटा म्हणतात. त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यायचे आणि सात दिवस पाणी मारायचं. वरचं झाकण बसवण्याआधी भोवती मातीची पाळ करून दोन दिवस पाणी तुंबवून ठेवा. खाली एक थेंब आला नाही तरच पुढं जा.

झाकणाला साधी काच नको. काच हवीच असेल तर लॅमिनेटेड घ्या, फुटली तरी आतल्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्याला धरून राहते. नुसती टफन, म्हणजे तापवून कडक केलेली काच फुटली की दाणे डोक्यावर येतात. मी पॉलिकार्बोनेटची, म्हणजे चिवट पारदर्शक प्लॅस्टिकची शीट घेतली, गारपिटीच्या भीतीनं. २०१४ च्या मार्चमधल्या गारा आपल्याकडं कुणी विसरलेलं नाही. या शीटची एक बाजू यूव्हीची, म्हणजे उन्हापासून राखणाऱ्या थराची असते, तीच वर हवी, नाहीतर पिवळी पडते. उन्हात शीट पसरते, म्हणून स्क्रूची भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेवा आणि खाली रबर वायसर घाला. वरची संरक्षक फिल्म बसवल्याबरोबर काढा, उन्हानं चिकटली की निघत नाही. शीटला थोडा उतार हवा आणि ती कट्ट्याबाहेर दोन इंच हवी, म्हणजे पाणी बाहेरच टपकतं.

शीटखाली लोखंडी जाळी बसवलीच पाहिजे. उन्हाळ्यात पोरं स्लॅबवर झोपतात, कुरडया वाळत घालताना बायका मागं मागं सरतात, माकडं तर उड्याच मारतात. शीट म्हणजे जमीन नव्हे.

जानेवारीत सकाळी शीटच्या आतून थेंब दिसले तर घाबरू नका. स्वयंपाकाची वाफ गार शीटला लागून पाणी होतं. मी दोनदा मिस्त्रीला बोलावलं आणि दोनदा खजील झाले. कट्ट्याच्या एका बाजूला बारीक जाळीचं छिद्र ठेवलं, तेव्हापासून थेंब येईनात.

उन्हाळ्यासाठी शेडनेटचा तुकडा आणा, पन्नास टक्के सावलीचा, शेतीच्या दुकानात मिळतो. होळी झाली की मी तो साण्यापासून वीतभर उंच ताणून बांधते, खालून वारा खेळायला हवा. मिरग लागायच्या आधी सोडते, घडी घालून कपाटावर टाकते, आणि त्याच दिवशी स्लॅबवरचा पाला झाडून शीटच्या कडेची सिलिकॉनची पट्टी बोटानं चाचपून बघते.