बायबल अभ्यासाच्या ग्रुपात कोणते प्रश्न घ्यायचे, कोणते नाही: नियम असे बनवा

नवापूर-चिंचपाड्यापासून ते भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांपर्यंत आपल्याकडे घराघरात बायबल अभ्यास चालतो, आणि चांगला चाललेला ग्रुप मोडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने, की कोणीही उठून काहीही विचारतं. सुरुवात यिर्मयाच्या पुस्तकापासून होते आणि अर्ध्या तासात गाडी आधार कार्ड म्हणजे ६६६ (प्रकटीकरणातल्या श्वापदाचा आकडा) आहे का यावर येऊन थांबते, मग एक भाऊ चिडतो, एक ताई पर्स उचलून निघते. म्हणून पहिल्या बैठकीच्या आधीच हद्द ठरवून घ्या.

आधी ग्रुप कशासाठी आहे ते एका वाक्यात लिहा. "या वचनाचा अर्थ काय, आणि तो कशावरून?" बस, एवढंच. प्रार्थनासभा वेगळी, साक्ष द्यायची जागा वेगळी, उपासना तर वेगळीच. लिहायला दोन-तीन वाक्यं लागत असतील तर तुमचं अजून ठरलेलं नाही असं समजा.

मग बायबल कोणतं ते बघा. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, कॅथलिक बायबलात ७३, त्यामुळे कॅथलिक मंडळी येणार असतील तर टोबीत आणि मक्काबी ही त्यांच्याकडची जास्तीची पुस्तकं वाचायची का हे अगोदरच बोलून घ्या. माझं मत विचाराल तर वाचावीत, वाचली म्हणजे मानलीच असं काही नसतं.

आता खरं काम. बरेच जण नियमात लिहितात "वादाचे विषय नकोत", आणि हा नियम काहीच कामाचा नाही, कारण बायबलात वादाचा नाही असा विषय शोधूनच दाखवा. विषयावर बंदी घालू नका, प्रश्न कसा विचारलाय ते बघा. उदाहरण घ्या. "बायकांनी मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) संदेश द्यावा का?" हा प्रश्न घेऊ नका, कारण उत्तर प्रत्येकजण आपापल्या पाळकांचं देणार आणि भांडण ठरलेलं. पण तोच माणूस असं विचारू शकतो, की १ करिंथ १४:३४ (अध्याय १४, वचन ३४) मध्ये प्रेषित पौल बायकांनी सभेत गप्प राहावं म्हणतो, मग त्याच पत्रात ११:५ मध्ये बाई प्रार्थना करते, संदेश देते हे तो धरून कसा चालतो? हा प्रश्न बिनधास्त घ्या. इथे बोलायला माल आहे: आसपासच्या वचनांत विषय सभेतल्या गोंधळाचा आहे, काही जुन्या हस्तलिखितांत ३४-३५ ही वचनं ४० च्या नंतर येतात, कोणी म्हणतं पौल करिंथकरांचंच, म्हणजे पत्र ज्यांना लिहिलं त्यांचंच, म्हणणं सांगतोय, कोणी म्हणतं नाही. चारही बाजूचे लोक एकाच पानावर बोट ठेवून बोलतात.

तसंच याकोब ५:१४ चं. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, बोलावून तेल लावून घ्यायचं, त्या तेलाचा अर्थ काय, हे घ्या. "मग मी शुगरच्या गोळ्या बंद करू का?" हे अजिबात घेऊ नका, त्या भावाला सरळ डॉक्टरकडे पाठवा, आणि हे नियमात ठळक लिहा, कारण यात जीव जाऊ शकतो.

उत्तरालाही नियम पाहिजे, हे लोक विसरतात. "वचनात लिहिलंय" एवढं पुरत नाही, कोण कोणाला म्हणतोय ते सांगायचं. ईयोबाच्या पुस्तकात त्याचा मित्र अलीफज याची भाषणं किती गोड वाटतात, पण ४२:७ मध्ये देव त्यालाच सुनावतो की तू आणि तुझे मित्र माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत. आणि कॅलेंडरवर छापतात ते यिर्मया २९:११, हिताच्या संकल्पांचं, ते बाबेलला बंदिवासात गेलेल्यांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच्या वरच्याच वचनात ७० वर्षं थांबायला सांगितलंय! बारावीच्या रिझल्टआधी ते वचन स्टेटसला ठेवणाऱ्यांना हे सांगून बघा, तोंड बघण्यासारखं होतं. तर नियम असा, की उत्तर देणाऱ्याने आधी आजूबाजूची वचनं मोठ्याने वाचायची, मग बोलायचं. तो कोणत्या मंडळीचा आहे, किंवा ख्रिस्ती आहे की नाही, हे विचारायचं नाही.

सरळ बाहेर ठेवायच्या गोष्टी थोड्या आहेत: कोणाची मंडळी खरी, दुसऱ्या धर्मांवर शेरे, निवडणूक, आणि धर्मांतराचा वाद. नंदुरबारकडे तर हा शेवटचा विषय किती तापलेला आहे हे वेगळं सांगायला नको, बैठकीत तो निघाला की अभ्यास तिथेच संपतो.

नाही म्हणताना माणसाला नाही म्हणू नका. "दादा, यातलं कोणतं वचन तुम्हाला अडतंय?" असं विचारा, निम्मे प्रश्न तिथेच नीट होतात. बाकीच्यांसाठी पाळकांचा किंवा फादरांचा रस्ता दाखवा. प्रश्न अहिराणीत आला, मावचीत (नवापूरकडची आदिवासी बोली) आला तरी चालू द्या, पुस्तकी मराठी जमत नाही म्हणून गप्प बसणारे कमी नाहीत.

शेवटी टेस्ट करा. मागच्या महिन्यात आलेले सगळे प्रश्न कागदावर काढा आणि दोघांनी वेगवेगळं बसून प्रत्येकापुढे घ्या किंवा नको लिहा. जिथे दोघांचं जुळत नाही तिथला नियम गोलमोल आहे, तेवढाच परत लिहा आणि त्याच्याखाली तोच प्रश्न उदाहरण म्हणून टाका.