मधपेटीचं स्टँड: या चुका टाळा

ऑक्टोबरचा उकाडा ओसरायला लागला की माझा फोन वाजायला लागतो. पेटी आणली, सातेरीची (आपल्याकडच्या देशी पाळीव मधमाशीची) वसाहत मिळाली, प्रशिक्षणाच्या सर्टिफिकेटचा फोटो सगळ्या ग्रुपवर टाकून झाला, आणि मग शेवटी विचारतात, "दादा, पेटी ठेवायची कशावर?" हा प्रश्न शेवटी सुचतो, हीच पहिली चूक. स्टँड आधी, माश्या नंतर. एकदा माश्यांनी जागा ओळखली की पेटी चार-पाच फूट सरकवली तरी पंचाईत होते. चरायला गेलेल्या माश्या जुन्याच जागेवर येऊन घिरट्या घालत बसतात.

सागाची पेटी घेणारा माणूस तिच्याखाली बाल्कनीतलं मोडकं स्टूल सरकवतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता रागही येत नाही. रिकामी पेटी एका हाताने उचलता येते ना, मग सगळा हिशेब त्या वजनाचा. मध लिटरला साधारण 1.4 किलो भरतो. पोळी, पिल्लं, माश्या आणि वर मधाचा भरलेला कोठा, म्हणजे मध साठवायचा वरचा कप्पा, धरला की सातेरीची पेटीसुद्धा 20-25 किलोच्या घरात जाते.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, ठेच लागली म्हणून सांगतोय. गोराईला एका ओळखीच्या काकांच्या वाडीत माझी एक पेटी होती. स्टँड वेल्डरकडून करून घेतलेलं, अर्ध्या इंची सळईचे चार पाय, दोन फूट उंच, दिसायला एकदम नाजूक आणि देखणं. मधाचा कोठा पावसाआधी काढून घ्यायचा, तो मी आळसाने वरच ठेवला होता. जुलैत चार दिवस धो धो पाऊस लागला. पाचव्या दिवशी बोरिवलीहून बोट पकडून पलीकडे गेलो, तर पेटी आडवी. तळपाट एकीकडे, कोठा एकीकडे, भिजलेल्या पोळ्यांवर तांबड्या मुंग्यांची रांग आणि माशी एकही नाही. स्टँड मात्र शाबूत होतं, फक्त एक पाय वीतभर मातीत गेलेला. तो पाय मी नारळाच्या आळ्याच्या कडेला टेकवला होता, खणून भुसभुशीत केलेल्या मातीत. काका शांतपणे म्हणाले, "अरे, नारळाचं रोप लावताना आम्ही माती पायाने दाबून घेतो. तू तर पेटी लावलीस."

घरी येऊन मी हिशेब केला. अर्ध्या इंची सळईचे चार पाय मिळून जमिनीला टेकतात जेमतेम पाच चौरस सेंटिमीटर. त्यावर 25 किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाच किलो. हा पाय नाही, पहार झाली. प्रत्येक पायाखाली सहा इंची चौकोनी कडप्पा ठेवला तर तोच भार दर चौरस सेंटिमीटरला 27 ग्रॅमवर येतो. म्हणून आता माझं एकच: मार्बलवाल्याकडे कडप्प्याचे तुटके तुकडे पडलेले असतात, ते उचलून आणायचे, माती धुमसून घ्यायची, खडी टाकायची, वर कडप्पा आणि मग पाय. पायांचा घेर पेटीपेक्षा चारी बाजूंनी थोडा बाहेर. उंची दीड फूट, बास. पेटी कमरेएवढ्या उंचीवर हवी असा हट्ट धरणाऱ्यांनी आपल्या कमरेपेक्षा वाऱ्याचा विचार करावा. 17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा मुंबईत वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेले होते. तेव्हापासून मी पेटी, झाकण आणि स्टँड असं सगळं मिळून टेम्पोवाल्यांच्या रॅचेट बेल्टने आवळून टाकतो.

प्लास्टिकचं स्टूल उन्हात तडकतं. स्टँड म्हणून ठेवलेली आंब्यांची रिकामी लाकडी पेटी पहिल्या पावसात फुगते आणि दुसऱ्यात वाळवीच्या पोटात जाते. भिवंडीच्या गोदामातलं लाकडी पॅलेट चालेल, पण त्यावरचा शिक्का वाचा: 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. दुसरं माश्यांखाली नको. लोखंडी पाईप असेल तर तोंडं बुच मारून बंद करा, इथली खारी हवा आतूनच पोखरते.

आता मुंग्या. यावर मी तासभर बोलू शकतो. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या वाट्यांत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवे डास उडायला लागतात, हे कोणी लक्षात घेत नाही. एका सोसायटीच्या गच्चीवर माझ्या ओळखीच्याने दोन पेट्या ठेवल्या होत्या. डासअळ्या तपासणारे आले, वाटीत टॉर्च मारला आणि वळवळणाऱ्या अळ्या सेक्रेटरींना दाखवल्या. आठवड्यात पेट्या गच्चीवरून खाली. माश्या कोणाला चावल्या नव्हत्या. त्यांना वाट्यांनी घालवलं.

मग लोक गॅरेजमधलं काळं ऑईल भरतात. ते पाण्यावर तरंगतं, त्यामुळे पहिल्याच सरीत वाटी भरली की ऑईल वरून वाहून जातं. उरतं पाणी, आणि झाडाच्या मुळाशी काळा डाग. मी श्रीखंडाचे अर्धा किलोचे डबे वापरतो. पाणी आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, म्हणजे मुंगी तरंगत नाही, बुडते. पायावर डब्याच्या वर उलटी वाटी वेल्ड करून घेतो, छत्रीसारखी. पाऊस आत पडत नाही आणि तहानलेल्या माश्याही त्यात पडत नाहीत. दर शनिवारी डबे रिकामे करून आतून घासायचे, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा' हे भिंतीवर लिहिलेलं असतं ते मधपाळांनाही लागू आहे. आणि एवढं करून गवताचं एक पातं पेटीला टेकलं असेल तर मुंग्यांना पूल आयताच मिळाला. विळा मारा.

पाणसळ लावा. मोबाईलमधलं ॲप नको, गवंड्याची पाणसळ. माश्या एकमेकींना धरून लोंबकळत ओळंबा सोडल्यासारखं सरळ खाली पोळं बांधतात. पेटी आडवी कलली असेल तर पोळं आपली लाकडी चौकट सोडून शेजारच्या चौकटीला चिकटतं आणि तपासताना फाटतं. डावी-उजवीकडे कल शून्य हवा. दाराकडे मात्र सेंटीमीटरभर उतार ठेवा, आत गेलेलं पाणी बाहेर येतं.

गच्चीवर स्टँड बसवायला स्लॅबला ड्रिल मारू नका. वॉटरप्रूफिंग फुटलं की वरच्या मजल्याच्या छतावरचा प्रत्येक ओला डाग तुमच्या माश्यांनी पाडला असं ठरेल. कठड्यावर पेटी ठेवायचा विचार ज्यांच्या मनात येतो त्यांनी कुंड्या लावाव्यात.

नवं स्टँड आलं की त्यावर पेटी ठेवण्याआधी मी स्वतः चढतो. वजन 78 किलो. दोन्ही बाजूंना झुलून बघतो, मग तिथेच बसून चहा पितो. चहा संपेपर्यंत कुठे करकरलं तर स्टँड त्याच रिक्षाने परत वेल्डरकडे. तो आता मला लांबूनच बघतो आणि मशीन चालू करतो.