‘कशासाठी’ नव्हे, ‘कशामुळे’: उत्क्रांती शिकताना माझे काय चुकले

पदवीच्या पहिल्या वर्षी जीवशास्त्राच्या चाचणीत एक प्रश्न होता: ‘प्रतिजैविकाला दाद न देणारे जीवाणू कसे निर्माण होतात?’ मी लिहिले, ‘सतत औषधाचा मारा होऊ लागल्यावर जगता यावे म्हणून जीवाणूंनी स्वतःत बदल घडवून आणला आणि हळूहळू त्यांना औषधाची सवय झाली.’ पाचपैकी एक गुण मिळाला. उत्तर बरोबरच आहे अशी खात्री असल्यामुळे मी पेपर घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी काहीही समजावून सांगितले नाही. ‘यावे म्हणून’, ‘घडवून आणला’ आणि ‘सवय झाली’ या तीन जागा पेन्सिलीने अधोरेखित केल्या आणि प्रत्येकीखाली दोनच शब्द लिहिले: ‘कोणाला? केव्हा?’

त्या दोन शब्दांची उत्तरे शोधण्यात माझे जवळजवळ वर्ष गेले. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या विद्यार्थ्याला ते वर्ष वाचवता यावे, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

उत्क्रांती अवघड वाटते याचे कारण त्यातील विज्ञान फार गुंतागुंतीचे आहे असे नाही. आपली रोजची वाक्यरचनाच तिच्या आड येते. डोळे पाहण्यासाठी असतात, पंख उडण्यासाठी असतात, काटे संरक्षणासाठी असतात, असे आपण सहज बोलतो आणि व्यवहारात त्याने काही बिघडत नाही. परंतु ‘साठी’ हा शब्द पुढे पाहतो. त्याच्यामागे कोणाचा तरी हेतू गृहीत असतो. नैसर्गिक निवडीला पुढचे काहीच दिसत नाही. आजच्या पक्ष्याची चोच अशी आहे, कारण ज्यांची चोच साधारण अशी होती ते पूर्वज जगले आणि त्यांना पिल्ले झाली. ज्यांची तशी नव्हती त्यांना कमी झाली किंवा झालीच नाहीत. म्हणून ‘कशासाठी’ असा प्रश्न मनात आला की तो खोडून ‘कशामुळे’ असा लिहावा, ही सवय मी लावून घेतली. (सवय मला लागली, जीवाणूंना नव्हे, तो शब्द माझ्यासाठी योग्य आहे.)

सिद्धांताचा गाभा थोडक्यात सांगता येतो. एकाच जातीचे जीव एकमेकांपासून थोडे वेगळे असतात. त्यांपैकी काही वेगळेपण आईवडिलांकडून पिल्लांकडे जाते. आणि जितके जीव जन्माला येतात तितके सगळे वाढून प्रजनन करत नाहीत. या तीन गोष्टी एकत्र आल्या आणि एखाद्या आनुवंशिक वेगळेपणामुळे संततीच्या संख्येत फरक पडत असला, तर पिढ्यांमागून पिढ्या त्या समूहाची घडण बदलत जाते. चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस हे दोघे स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचले. दोघांचे लेखन १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचले गेले आणि पुढच्या वर्षी डार्विनचा ग्रंथ आला. परीक्षेत हा इतिहास विचारतात, तेव्हा तो पाठ करावा. पण या तीन अटी मात्र पाठ न करता उदाहरणावर लावून पाहाव्यात. मला ज्या उदाहरणाने खऱ्या अर्थाने जागे केले ते गालापागोस द्वीपसमूहातील डॅफ्नी मेजर या छोट्याशा बेटावरचे आहे.

पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३पासून तेथील फिंच पक्ष्यांचा अभ्यास सुरू केला. पक्षी पकडायचा, पायात रंगीत कडी घालायची, चोचीची लांबी, रुंदी आणि खोली मोजायची आणि त्याला सोडून द्यायचे, असे हे चिकाटीचे काम होते. १९७७ साली पाऊस जवळपास पडलाच नाही. मऊ, बारीक बिया लवकर संपल्या. उरली ती सराट्याच्याच गटातील एका वनस्पतीची टणक, काटेरी फळे, जी फोडायला खोल, म्हणजे वरून खाली जाड असलेली चोच लागते. जमिनीवर बिया टिपणाऱ्या मध्यम आकाराच्या फिंचांची संख्या सुमारे १,२०० होती, ती १८०च्या आसपास आली. वाचलेल्यांची सरासरी चोच दुष्काळापूर्वीच्या सरासरीपेक्षा अंदाजे अर्ध्या मिलिमीटरने अधिक खोल होती.

अर्धा मिलिमीटर हे वाचून माझी निराशा झाली होती. एवढ्यासाठी इतका खटाटोप? मग मी या मापांचा स्तंभालेख वहीत हाताने काढला. दुष्काळापूर्वीचे स्तंभ निळ्या पेन्सिलीने भरले आणि त्यांवरच वाचलेल्यांचे लाल पेन्सिलीने. तेव्हा लक्षात आले की लाल रंगाचा एकही स्तंभ निळ्याच्या बाहेर नाही. नवी चोच कोठेही उगवलेली नव्हती. लाल स्तंभातला प्रत्येक पक्षी आधीच निळ्यात होता, त्याच चोचीसह, आणि त्याची चोच दुष्काळात तसूभरही वाढलेली नव्हती. बदलली होती ती केवळ सरासरी. आणि ती बदलली कारण डावीकडचे, म्हणजे कमी खोल चोचीचे, पक्षी मोठ्या प्रमाणावर मेले. बाईंच्या ‘कोणाला?’ या प्रश्नाचे उत्तर त्या आलेखात होते: बदल एकट्या पक्ष्याला झालेला नसून पक्ष्यांच्या समूहाला झालेला असतो. पक्षी जन्मतो आणि मरतो. उत्क्रांत होतो तो समूह, ज्याला आपण वर्गात पॉप्युलेशन म्हणतो.

मात्र येथे थांबलो तर अर्धेच काम होते. वाचलेल्यांची चोच खोल असणे ही निवड झाली; उत्क्रांती झाली असे म्हणायला त्यांच्या पिल्लांकडे पाहावे लागते. चोचीची खोली बऱ्याच अंशी आनुवंशिक असल्यामुळे पुढच्या वर्षी जन्मलेल्या पिढीचीही सरासरी पूर्वीपेक्षा सुमारे चार टक्क्यांनी अधिक निघाली. दुष्काळाने निवड करावी आणि गुण आनुवंशिक नसावा, तर पुढच्या पिढीत सगळे पुन्हा पूर्वीच्या जागी येईल. निवड आणि उत्क्रांती हे समानार्थी शब्द नाहीत, हे याहून स्पष्टपणे मला कोणत्याही व्याख्येने पटवले नसते. आणि गोष्ट तेथेही संपत नाही. १९८३मध्ये एल निन्योमुळे प्रचंड पाऊस झाला, बारीक बियांचा सुकाळ झाला आणि त्यानंतरच्या काळात लहान चोचीच्या पक्ष्यांचे फावले. सात-आठ वर्षांत वारे उलटे फिरले. ‘अधिक चांगली चोच’ असे काही नसते. असतात त्या अमुक वर्षीच्या बिया.

बाईंचा दुसरा प्रश्न, ‘केव्हा?’, याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळाले. जीवाणूंमधील बदल औषध आल्यावर होतो की आधीच झालेला असतो? हा प्रश्न साल्व्हादोर लुरिया आणि माक्स डेल्ब्रुक यांनी १९४३मध्ये विषाणूंचा हल्ला झेलणाऱ्या जीवाणूंवर संख्याशास्त्राच्या आधारे सोडवला. ती आकडेमोड मला अजूनही सोपी वाटत नाही. त्यापेक्षा १९५२मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी केलेला मखमलीचा प्रयोग विद्यार्थ्याने आधी समजून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्हाला तो प्रात्यक्षिक म्हणून करायला मिळाला.

एका प्लेटवर औषधाविना जीवाणूंची दाट वाढ करायची. लाकडी ठोकळ्यावर निर्जंतुक मखमल ताणून बसवायची आणि प्लेट तिच्यावर अलगद टेकवायची. मखमलीच्या सुयांसारख्या बारीक तंतूंना प्रत्येक जागचे थोडे थोडे जीवाणू चिकटतात. मग त्याच मखमलीवर स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या प्लेट एकामागून एक, दिशा न बदलता टेकवायच्या. पहिल्या खेपेला मी प्लेट इतकी जोरात दाबली की जीवाणू ज्यावर वाढतात ते जेलीसारखे माध्यम फुटून मखमलीवर लगदा झाला. दुसऱ्या खेपेला प्लेटच्या कडेला दिशेची खूण करायची राहिली, त्यामुळे वसाहती वाढल्या, पण कोणती कोठली हे सांगता येईना. तिसऱ्या खेपेला तीन औषधी प्लेटवर प्रत्येकी मोजक्या वसाहती आल्या आणि प्लेट उजेडासमोर एकावर एक धरल्या तेव्हा दोन वसाहती तिन्ही प्लेटवर नेमक्या त्याच जागी होत्या.

औषधाच्या स्पर्शाने जीवाणू ‘शिकले’ असते, तर प्रत्येक प्लेटवर वेगवेगळ्या जागचे शिकले असते. जागा एकच असण्याचा सरळ अर्थ असा की मूळ प्लेटवर, जेथे औषधाचा थेंबही नव्हता, तेथे त्या जागी दाद न देणारे जीवाणू आधीपासूनच होते. लेडरबर्ग दांपत्याने तर पुढे जाऊन मूळ प्लेटवरच्या त्याच जागेचे जीवाणू उचलून वाढवले आणि औषधाला एकदाही सामोरे न जाता त्यांच्यातून दाद न देणारे जीवाणू वेगळे केले. उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला बदल, आधी; निवड नंतर. आणि उत्परिवर्तनाला गरजेची खबर नसते. ते यादृच्छिक असते याचा अर्थ एवढाच. निवड मात्र यादृच्छिक नसते, हे लगेच पुढे लिहिले नाही तर ‘उत्क्रांती म्हणजे निव्वळ योगायोग’ असे चुकीचे विधान पेपरात उमटते, आणि तपासणारा तेथे पेन थांबवतोच.

पुष्कळ विद्यार्थी हार्डी-वाइनबर्ग समीकरणाला घाबरून तो भाग पर्यायात सोडतात. तसे करू नये. १९०८मध्ये एका इंग्रज गणितज्ञाने आणि एका जर्मन वैद्याने स्वतंत्रपणे मांडलेले हे तत्त्व म्हणजे समूहातील जनुकांच्या प्रमाणांबाबत ‘काहीच घडले नाही तर काय दिसेल’ याचा हिशेब आहे. ताळेबंदात फरक दिसला तरच शोध सुरू होतो. एक आकडा करून पाहावा. जनुकरूप म्हणजे एकाच जनुकाचे एक रूप; दोन्ही प्रती असल्या तरच ज्याचा परिणाम दिसतो ते अप्रभावी. अशा एखाद्या अप्रभावी जनुकरूपाचे प्रमाण ०.०१ असले, तर त्याच्या दोन्ही प्रती असलेले जीव ०.०१ चा वर्ग, म्हणजे दहा हजारांत एक. एकच प्रत असलेले वाहक मात्र दोन गुणिले ०.९९ गुणिले ०.०१, म्हणजे सुमारे दोन टक्के, पन्नासांत एक. निवडीची कात्री त्या दहा हजारांतल्या एकावर चालते. बाकीच्या प्रती वाहकांमध्ये सुखरूप असतात. घातक अप्रभावी जनुके झटपट नाहीशी का होत नाहीत, हे मला पानभर वर्णनाने नव्हे तर या एका गुणाकाराने कळले.

वाहकांचा विषय निघालाच आहे तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे उदाहरण पक्के करून ठेवावे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच हा बदल. दोन प्रती आल्या तर गंभीर आजार. एकच प्रत असली तर तीव्र मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४मध्ये दाखवले. जेथे मलेरिया आहे तेथे हे जनुकरूप टिकते. जेथे नाही तेथे तेच निव्वळ तोट्याचे ठरते. ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण नैसर्गिक निवडीच्या उत्तरात अनेक जण हौसेने लिहितात. ती लिहू नये. येथे ताकदीचा प्रश्नच नाही. पुढच्या पिढीत कोणाची किती अपत्ये पोहोचली, याची मोजदाद आहे.

आणि प्रत्येक बदल निवडीमुळेच होतो असेही नाही. समूह लहान असला की केवळ नशिबाने काही जनुकरूपे वाढतात, काही नाहीशी होतात. याला जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात. एकोणिसाव्या शतकातील शिकारीमुळे उत्तरेकडील एलिफंट सीलची संख्या शंभराच्या आत आली होती. आज ती लाखाच्या वर आहे, तरीही त्यांच्यातील जनुकीय विविधता अत्यंत कमी आहे, कारण हरवलेली रूपे संख्या वाढल्याने परत येत नाहीत. ‘कशामुळे’ या प्रश्नाला ‘योगायोगामुळे’ हे उत्तरही असू शकते; प्रत्येक गुणाचा उपयोग शोधत बसण्याचा मोह झाला की मी या सीलची आठवण करते.

शेवटी आपल्या भाषेतलीच एक अडचण. ‘उत्क्रांती’ या शब्दातला ‘उत्’ वर जाणारा आहे. ‘उत्कर्ष’, ‘उत्थान’ यांच्या पंगतीतला. त्यामुळे डोळ्यांपुढे जिना उभा राहतो: खाली जीवाणू, मग मासा, वर माकड, सर्वांत वर आपण. मेक्सिकोतील अंधाऱ्या गुहांमध्ये राहणाऱ्या टेट्रा माशांचे डोळे पिढ्यांमागून पिढ्या नाहीसे झाले. तीही उत्क्रांतीच आहे आणि तिच्यात वर जाण्यासारखे काही नाही. जिन्याऐवजी फांद्या फुटलेले झाड काढावे. चिंपांझी आपला पूर्वज नाही, चुलत भाऊ आहे. दोघांचा समान पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचा, आणि तेव्हापासून त्याचीही तितकीच वर्षे उत्क्रांती झाली आहे. झाड वाचताना टोकांवरची नावे कोणत्या क्रमाने लिहिली आहेत याकडे पाहू नये. दोन फांद्या खाली कोठे मिळतात ते बोट ठेवून शोधावे. मी वहीत एकच झाड चार प्रकारे, फांद्या अदलाबदल करून काढले होते, आणि मैत्रिणीला ती चार वेगळी झाडे वाटली. नंतर तिने प्रत्येक जोडीचा सांधा बोटाने शोधला, तेव्हा चारही ठिकाणी ती त्याच सांध्यावर पोहोचली.