मृगाच्या आत: बाजारातली शेळी त्याच दिवशी कळपात सोडू नका

कांदा निघाला, रानं मोकळी झाली, निफाड-चांदवडपासून येवला-नांदगावपर्यंत बघाल तिथं कांद्याच्या पातीवर मेंढरं बसलीत. मृग तोंडावर आलाय. आणि ह्याच दिवसांत आपल्याकडं शेळ्यांची मर लागते, मग लोक म्हणतात पहिल्या पावसाचं पाणी बाधलं, कोवळं गवत बाधलं. कोवळ्या गवतानं पोट फुगतं, ढाळ लागते, मान्य. पण अंगात ताप, नाकातून घट्ट शेंबूड, डोळ्यांना चिपडं, तोंडात फोड आणि वरून घाण वासाची पातळ हगवण, हे सगळं एकदम आलं तर ते गवत नाही, पीपीआर म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूनं पसरणारा प्लेग समजा आणि डॉक्टरला बोलवा.

मी सिन्नरच्या पूर्व पट्ट्यात 14 वर्षं शेळ्या सांभाळतोय. सहा वर्षांपूर्वी बाजारातून दोन संगमनेरी पाठी, म्हणजे तरण्या शेळ्या, आणल्या, तजेलदार, चारा तोडून खाणाऱ्या. संध्याकाळी वळीव आला, वेगळं बांधायला आडोसा नव्हता म्हणून म्हटलं एका रात्रीचा तर प्रश्न आहे, आणि सोडल्या कळपात. आठव्या दिवशी पहिली शेळी कान पाडून उभी राहिली. तीन आठवड्यांत 41 पैकी 23 गेल्या, त्यात 9 गाभण. त्या दोन पाठींतली एक शेवटपर्यंत ठणठणीत होती, आमच्यासमोर कधी खोकलीसुद्धा नाही. तेव्हापासून आमच्याकडच्या पाच-सहा गावांत कुठं मर लागली की मी आधी एकच विचारतो, महिन्याभरात नवीन जनावर कुठून आणलं? बहुतेक ठिकाणी उत्तर तेच निघतं. बाजारातून आणली आणि त्याच दिवशी दावणीला बांधली.

ह्यामागचं गणित समजून घ्या. पीपीआरचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंत साधारण 4 ते 6 दिवस जातात, कधी 10. आणि शेळी आजारी दिसायच्या आधीच तिच्या श्वासातून, लाळेतून, शेंबडातून विषाणू बाहेर पडायला लागतो. म्हणजे बाजारात तुम्ही दात बघता, कास बघता, पाठ दाबून बघता, सगळं चांगलं असतं आणि तरी ती रोग घेऊन गाडीत चढते. शिवाय बाजारात चार तालुक्यांची शेरडं एका दोरीला, एकाच टेम्पोत शेळ्या-मेंढ्या कोंबलेल्या, एका बादलीत पाणी. देवीचा रोग दिसायला तर आठवडा-दोन आठवडेही लागतात. म्हणून 21 दिवस. दोन दिवस नाही, "आठवडाभर बघितली, बरी आहे" असंही नाही. 21 दिवस वेगळी.

वेगळी म्हणजे गोठ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात नव्हे. आपल्याकडं पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून नव्या जनावराचा आडोसा घराच्या गोठ्याच्या पूर्वेला करा, 30-40 पावलं लांब, म्हणजे त्याचा श्वास कळपाकडं येणार नाही. हा माझा हिशोब आहे, पुस्तकात वाचलेला नाही, पण मला फरक पडलाय. बादली वेगळी, गव्हाण वेगळी, चप्पल सुद्धा वेगळी. चारा-पाणी आधी कळपाला, शेवटी नव्याला, आणि मग हातपाय साबणानं धुऊनच घरात. साबणानं हा विषाणू मरतो, त्याला भारी औषध लागत नाही. पोरांना सांगून ठेवा, कारण पोरं नव्या पाठीशी खेळतात आणि त्याच हातानं करडांना बाटली पाजतात.

रोज सकाळी उन्हाच्या आत नव्या शेळीचा ताप बघा. साधा डिजिटल थर्मामीटर मेडिकलमध्ये शे-दीडशेला मिळतो, गुदद्वारात लावायचा. शेळीचं नॉर्मल 101.5 ते 103.5 फॅरनहाइट. सकाळच्या गारव्यात 104 च्या वर गेलं की त्याच दिवशी डॉक्टरला फोन, पीपीआरमध्ये 105-106 पर्यंत जातो. दुपारी मोजू नका, उन्हानं तसाही वाढलेला असतो.

आता मेंढ्यांचं. पीपीआर दोघांना होतो, एकाकडून दुसऱ्याकडं जातो. आपल्याकडं बऱ्याचदा मेंढीत तो हलका जातो, नुसती सर्दी वाटते, दोन दिवस चरायला मागं राहते आणि सावरते, आणि तोच विषाणू शेळीत आला की मढी पडतात. म्हणून रानात मेंढरं बसवली असतील तर तेवढे दिवस आपल्या शेळ्या त्या पातीवर नेऊ नका, पाण्याच्या टाकीवर एकत्र करू नका. रोग उन्हात फार टिकत नाही, मेंढरांचा वाडा उठल्यावर चार-पाच दिवस कडक ऊन लागू द्या आणि मग चारा, हाही माझाच अंदाज. धनगर भाऊंशी वाकडं घेऊ नका, खत त्यांच्यामुळंच मिळतं. सरळ विचारा, "मामा, पीपीआरची लस कधी टोचली? वाटेत कुठं मरतूक झाली का?" ते खरं सांगतात, त्यांचं तर सगळंच त्या कळपावर असतं.

देवीचं थोडं वेगळं आहे. मेंढ्यांची देवी बहुतेक मेंढ्यांत आणि शेळ्यांची शेळ्यांत राहते, पण काही विषाणू दोघांतही जातात, त्यामुळं बेफिकीर राहू नका. खपलीत हा विषाणू अंधाऱ्या गोठ्यात महिनोन्‌महिने जिवंत राहतो, म्हणून खाली पडलेला पालापाचोळा उकिरड्यावर न टाकता जाळा. मावा, म्हणजे ओठावर फुलकोबीसारख्या खपल्या येतात तो, दोघांना होतो आणि माणसाच्या हातालाही होतो. हातमोजे घाला, नसतील तर पिशवी बांधा. नीलजिव्हा हा रोग श्वासानं पसरत नाही, चिलटांनी पसरते, पाऊस सुरू झाला की. मेंढीचं तोंड सुजतं, ती लंगडते, आणि शेळी मात्र बऱ्याचदा काही न दाखवता विषाणू अंगात ठेवते. तिथं चिखल-शेण काढणं आणि संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर एवढं तरी करा, धुरानं किती फरक पडतो ते मोजलेलं नाही पण चिलटं कमी होताना मी बघतो.

लसीचं नीट ऐका. पीपीआरची लस 1 मिली, कातडीखाली, 3-4 महिन्यांपुढच्या करडा-कोकरांपासून सगळ्यांना, एकदा टोचली की साधारण 3 वर्षं. सरकारी दवाखान्यामार्फत होते, कानातला बिल्ला असेल तर नोंदही राहते. लस टोचल्यावर ताकद यायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून आज मृगाची वाट बघत बसलात तर उशीर झाला. नवीन जनावर वेगळं ठेवलंय तेवढ्यात त्यालाही टोचून घ्या, ताप नसेल तर. पावडर-पाणी एकदा मिसळलं की बर्फावर ठेवून दोन तासांत संपवायची, आणि प्रत्येक जनावराला सुई वेगळी. कोणी बर्फाशिवाय पिशवीत लस घेऊन आला तर परत पाठवा, ती लस नाही, पाणी आहे.

आणि दुकानदाराचं ऐकून पैसे घालवू नका. मर लागली की कोणीतरी येतोच, "भाऊ, हे इम्युनिटी बूस्टर द्या, हे लिव्हर टॉनिक, हे विषाणू मारायचं इंजेक्शन." विषाणू मारणारं इंजेक्शन ह्या रोगात नाही. अँटिबायोटिक देतात ते मागाहून होणाऱ्या न्यूमोनियासाठी, तेही कोणतं आणि किती हे डॉक्टरनं ठरवायचं. माझे त्या वर्षी औषधांत 17 हजार गेले आणि शेळ्याही गेल्या. त्या पैशात पूर्वेचा आडोसा, पत्रे, वेगळ्या बादल्या सगळं होऊन उरलं असतं. खरा आधार म्हणजे पाणी. हगवण लागली की 1 लिटर पाण्यात 6 चमचे साखर अर्धा चमचा मीठ, थोडं थोडं, जबरदस्तीनं ओतू नका, फुफ्फुसात जातं. तोंडातले फोड लाल पोटॅशच्या फिक्या गुलाबी पाण्यानं धुवा, वर बोरोग्लिसरीन. मऊ चारा, तांदळाची पेज.

मर लागलीच तर सगळ्यात मोठी चूक असते ती उरलेली जनावरं घाईघाईनं बाजारात काढायची. आपले चार पैसे वाचतात आणि दुसऱ्याच्या गोठ्यात तेच सुरू होतं, ती नवी पाठ पुन्हा कोणीतरी त्याच संध्याकाळी कळपात सोडतो. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या 2009 च्या कायद्याप्रमाणे हा रोग कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. 1962 ह्या जनावरांच्या डॉक्टरांच्या हेल्पलाइन नंबरला फोन करा किंवा जवळच्या दवाखान्यात जा, नमुना घ्यायला सांगा, तपासणी पुण्याच्या औंधच्या प्रयोगशाळेत होते. आजारी जनावरांना लस टोचू नका, आजूबाजूच्या निरोगी कळपांना आधी. मेलेलं जनावर ओढ्यात किंवा रस्त्याकडेला फेकू नका, कुत्री ओढून गावभर करतात. खोल खड्डा, वर चुना.

मृगाआधीची बाकी कामं:
- जंतनाशक, लसीच्या आठवडाभर आधी
- आंत्रविषाराची लस, पहिल्यांदा असेल तर 2-3 आठवड्यांनी परत
- घटसर्प, लाळ्या-खुरकूत ह्यांच्या लसी
- गोठ्याचा उतार, गळकी पत्रे
- खुरं छाटणं
- सुका चारा झाकून
- गोचीड, भिंतींच्या फटी
- धुण्याचा सोडा 1 लिटरला 40 ग्रॅम, गोठा धुवायला

ह्यातलं एखादं राहिलं तर निभेल. 21 दिवस राहिले तर निभत नाही, म्हणून परत तेच लिहितोय. बोकडाचा भाव चढायला लागला की बाजार गच्च होतात, नवीन खरेदी होते, विकणारा म्हणतो "लस झालीये". झालीये तर कानातला बिल्ला दाखव म्हणा, नोंद दाखव म्हणा. नसेल तर नाही झाली असं धरून चाला.

आणि येताना बाजारातलं दावं घरी आणू नका. आपलं दावं घेऊन जा, त्यांचं तिथंच सोडा. नव्या जनावराचे पाय आणि तोंड घरी उतरवायच्या आधी धुवा, गाडीचा हौदा धुवा, आणि पूर्वेच्या आडोशाला बांधून आत या, आंघोळ करा, मग कळपाला वैरण टाका.