सांगलीत बाथरूमची फिटिंग जुळवून घेताना

टाइल फोडायच्या आधी फिटिंग ठरवा. डायव्हर्टरची (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा कॉक) भिंतीतली बॉडी आणि बाहेरची प्लेट एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची हवी. नाहीतर बसतच नाही. बॉडीवरच्या प्लास्टिक कव्हरवर ती किती खोल बसवायची याची खूण असते, टाइलची पातळी तिथेच आली पाहिजे. गवंडी बॉडी हमखास जास्त आत ढकलतो.

कमोडचा जुना एस-ट्रॅप (जमिनीत उतरणारा आउटलेट) ठेवणार असाल तर टाइल लावलेल्या भिंतीपासून आउटलेटच्या मध्यापर्यंत मोजा. ९ इंच की १२, त्यावरच कमोड ठरतो.

घरात बोअरचं जड पाणी असेल तर मॅट काळा रंग नको, क्षाराचे पांढरे डाग लगेच उठून दिसतात. क्रोमच बरा. टाकी शॉवरपासून १० फूट वर असली तरी दाब जेमतेम ०.३ बार, मोठा रेन शॉवर त्यावर नुसता ठिबकतो.

टॉवेल रॉड आणि मोरीची जाळीही त्याच फिनिशची घ्या. जाळी सगळेच विसरतात.