सल्लागार आला, अहवाल आला, बिल मात्र तेवढंच: या चुका टाळा

वीज, पाणी, वाफ आणि कच्चा माल धंद्यात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत कुठे वाया जातो ते मोजायचं, आणि जे कमी खर्चात थांबवता येतं ते आधी थांबवायचं, हे प्रक्रिया सल्लागाराचं काम. पर्यावरणपूरक व्हायची घाई झाली की नेमका हाच क्रम उलटतो.

आधी सौर पॅनेल, मग मोजमाप

1 किलोवॉटचं पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण 4 युनिट देतं, त्याला सुमारे 100 चौरस फूट छप्पर लागतं, आणि गोव्याच्या पावसाळ्यात उत्पादन चांगलंच उतरतं. वापर न आटोपता पॅनेल बसवणं म्हणजे गळक्या कॉम्प्रेसरची (हवा दाबून यंत्रांना पुरवणाऱ्या पंपाची) वीज भागवण्यासाठी छप्पर भरणं.

हंगाम विसरून काढलेली सरासरी

हॉटेलांत ही चूक हमखास होते. ऑगस्टमध्ये मोजणी सुरू केली आणि डिसेंबरच्या बिलाशी ताडून पाहिली, तर काहीच कळत नाही. बिलाला भरलेल्या खोली-रात्रींनी (एक खोली एक रात्र भरली की एक) भागलं तरी फसगत होते. समजा, 40 खोल्यांच्या हॉटेलात ऑगस्टला 300 खोली-रात्री भरल्या आणि 12,000 युनिट लागले. डिसेंबरला 1,150 भरल्या आणि 24,000 लागले. भागाकार 40 आणि 21 येतो, म्हणून डिसेंबर काटकसरीचा वाटतो. पण 850 जादा खोली-रात्रींना 12,000 युनिट, म्हणजे एकीला साधारण 14. त्या हिशेबाने पाहुणा एकही नसताना महिन्याला 7,700 च्या वर युनिट जळतात: पंप, शीतखोली, व्हरांड्याचे दिवे, सांडपाणी प्रकल्पाच्या टाकीत हवा सोडणारा ब्लोअर. आधी हात घालायचा तो या आकड्याला. दोनच महिन्यांवर निर्णय नको, मे महिन्याचा एसी हिशेब बिघडवतो. बाराही महिने आलेखावर मांडा.

हा आकडा पाहून ऑफ सीझनला ब्लोअर सरळ बंद करणारे भेटतात. हवा थांबली की टाकीतले जिवाणू मरतात, वास सुटतो आणि सीझनच्या तोंडावर जिवाणू नव्याने वाढवावे लागतात. टायमर लावून ब्लोअर थांबून थांबून चालवा. हवा चालू असताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास यायला हवा.

गळती कानाने शोधणं

वेर्णा किंवा कुंडई या गोव्यातल्या औद्योगिक वसाहतींच्या शेडमध्ये दिवसा एवढा आवाज असतो की हवेची फुसफुस ऐकूच येत नाही. सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवा. तो किती वेळ लोडवर (हवा भरत) आणि किती वेळ अनलोडवर (हवा न भरता नुसता फिरत) राहतो ते घड्याळावर पाहा. लोडवर दीड मिनिट, अनलोडवर साडेचार मिनिटं: दीड भागिले सहा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या 25 टक्के हवा फुकट. 10 टक्क्यांखाली आणणं शक्य असतं. दोषी बहुधा कपलिंग, होज आणि ड्रेन व्हॉल्व्ह. गळती बुजवल्यावर दाब 7 बारवरून 6 वर चालतो का ते तपासा, 1 बारमागे 6 ते 7 टक्के वीज वाचते. आधी दाब उतरवला तर शेवटच्या यंत्राला हवा पुरत नाही आणि ऑपरेटर गुपचूप तो पुन्हा वाढवतो.

बॉयलरचं गणित असंच. फीड वॉटर, म्हणजे बॉयलरला दिलं जाणारं पाणी, 6 अंशांनी तापलं की इंधन साधारण 1 टक्का वाचतं, म्हणून कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं गरम पाणी) गटारात न सोडता टाकीत आणा. फक्त पाणी फार गरम झालं तर फीड पंपात वाफ धरते; टाकी उंचावर हवी.

काजूच्या तुकड्याला वाया गेलेला माल न मानणं

काजू युनिटमध्ये अहवाल विजेबद्दल पानं भरतो आणि तुकड्याबद्दल दोन ओळी. वास्तविक तुटलेल्या गरावर वाफ, सुकवणी, मजुरी अख्ख्या गराएवढीच खर्च झालेली असते. बी आकारवार न चाळता एकत्र शिजवली की बारीक जास्त शिजते, मोठी कच्ची राहते. शिजवून पुरती गार न होऊ देता फोडली, किंवा गर गरजेपेक्षा जास्त सुकवला, तरी तुकडा वाढतो. टरफल जाळायचं तर आधी तेल काढून. तेलकट टरफलाचा धूर झोंबतो आणि नळ्यांवर चिकट थर बसवतो.

सल्लागाराशी करार

यंत्र विकणाऱ्याकडूनच सल्ला घेतला की उत्तर यंत्रच येतं. फीचा काही भाग सहा महिन्यांनंतरच्या मीटर वाचनावर ठेवा, आणि हे वाचन रोज लिहिणाऱ्या माणसाचं नाव करारातच घाला. कामाच्या सूचना इंग्रजी फाइलमध्ये नकोत. पाळीवर काम करणारे कोकणी, मराठी, हिंदी, कन्नड बोलतात, तेव्हा फोटोसह एक पान यंत्राशेजारी लावा. लॅमिनेट करून, नाहीतर पहिल्या पावसाळ्यातच बुरशी धरेल.