मदरबोर्डच्या एलईडी पिनांवरचं व्होल्टेज मोजताना

चवथ जवळ आली की म्हापशातल्या माझ्या दुकानात हमखास विचारलं जातं: मखराची एलईडी पट्टी जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर चालेल का? पोरं घरी मल्टीमीटर लावून आलेली असतात. पॉवर एलईडीच्या, म्हणजे कॅबिनेटवरचा दिवा जोडतात त्या पिनांवर 5 व्होल्ट दिसतात, म्हणतात. दिसणारच. पण त्या वाटेत बोर्डावर एक रेझिस्टर, म्हणजे करंट अडवणारा भाग, बसवलेला असतो. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, म्हणून तो आकड्यात उमटत नाही. भार लावून मोजाल तेव्हाच खरं कळेल.

मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. लाल वायर व्होल्टच्या भोकात हवी. 10 अँपियरच्या भोकात राहिली तर पिना सरळ शॉर्ट होतात.

बहुतेक बोर्डांवर 10 पिनांच्या जागेत 9 पिना असतात. जिथे पिन नाही ती दहावी. तिच्या विरुद्ध टोकाला 1 आणि 2. 1-3 हार्ड डिस्कची एलईडी, 2-4 पॉवरची, आणि 1 व 2 प्लस. तरी बोर्डावर छापलेलं आधी वाचा. शेजारीच 6-8 वर पॉवरचं बटण आहे, मीटरचा प्रोब घसरला तर मशीन बंद व्हायला लागतं. म्हणून मी चालू बोर्डावर प्रोब टेकवतच नाही. मशीन बंद असताना 2 आणि 4 वर जंपर वायरी चढवतो आणि मोजणी बाहेर करतो.

आता त्या वायरींमध्ये 1 किलोओहमचा रेझिस्टर लावा, मशीन चालू करा आणि त्याच्या दोन टोकांत मोजा. मोकळे 5 व्होल्ट उतरून 3.76 झाले, तर बोर्डाच्या आत 330 ओहम आहेत. लाल एलईडीवर साधारण 2 व्होल्ट पडतात, उरलेले 3 त्या 330 वर. म्हणजे करंट 9 मिलिअँपियर. दर मीटर लांबीत 60 एलईडी असलेली 12 व्होल्टची जाड पट्टी मीटरभर लांबीला सव्वा अँपियरच्या आसपास मागते. तिला वेगळा अडॅप्टरच हवा.

मांद्रे-मोरजीकडून येणाऱ्या बोर्डांच्या पिनांवर खाऱ्या हवेने हिरवट थर चढतो आणि आकडा नाचतो. मशीनची वायर भिंतीतून काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पिना पुसा, नीट वाळू द्या, मगच मोजा.

हार्ड डिस्कच्या एलईडीची गंमत वेगळी. प्लसवर व्होल्टेज कायम असतं, डिस्क चालते तेव्हाच बोर्ड मायनसला ग्राउंडला जोडतो. 1 आणि 3 मध्ये मोजताना मोठी फाइल कॉपीला लावा, नाहीतर चांगला बोर्ड बिघडलेला वाटेल.

आरजीबीच्या, म्हणजे रंग बदलणाऱ्या पट्टीच्या पिनांवर तर मोजल्याशिवाय काही लावूच नका. चार पिनांचा कनेक्टर 12 व्होल्टचा, तीन पिनांचा 5 व्होल्टचा. मोजताना मीटरची काळी वायर मोलेक्सच्या (पॉवर सप्लायच्या चार तारांच्या कनेक्टरच्या) काळ्या तारेवर, लाल व्होल्टेजच्या पिनेवर. 5 व्होल्टची पट्टी 12 वर लागली तर जळतेच.